साहेबांच्या पाठीवरचा रफू

रफूकाकांची एक रीत होती. रफू केलेला कपडा ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. तो टेबलावर पसरायचा, आपले हात पाठीमागे बांधायचे आणि म्हणायचं, "शोधा." गिऱ्हाईक वाकायचं, चष्मा पुसायचं, कोट उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरायचं. भोक कुठे होतं ते काही केल्या सापडायचं नाही. मग रफूकाका चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचे, "गेलं असेल कुठेतरी." बेचाळीस वर्षं हेच वाक्य. काकूंनी ते इतक्यांदा ऐकलं होतं, की आत भांडी घासता घासता त्या ते दोन क्षण आधीच पुटपुटून मोकळ्या व्हायच्या.

यात जादू नव्हती. होती ती चोरी, आणि काका ती कबूलही करत. धागा बाजारातून आणायचा नाही. त्याच कपड्याच्या पोटातून काढायचा. आतल्या दुमडीतून, खिशाच्या मागून, जिथे मालक उभ्या जन्मात बघत नाही तिथून. "परका धागा आज जुळतो आणि पहिल्या धुण्यात फितूर होतो," असं त्यांचं म्हणणं. भोकही घरचं, धागाही घरचा. काम नीट झालं तर जगाच्या लेखी ते भोक कधी पडलंच नव्हतं.

अशा माणसाच्या ताब्यात लेकीने आपला सरडा दिला, आणि वर बजावलं की काही लपवू नका.

लेक जमिनीची मोजणी करायची. चार महिन्यांसाठी तिला डोंगरातल्या एका तळावर पाठवलं होतं. तिथे तंबू, थंडी, आणि रविवारी खाली वस्तीत उतरलं तरच फोन. सरडा काही थंडीचा जीव नव्हता. तो वाळवंटातल्या कुळीचा. वीतभर अंग, तेवढीच शेपूट, गळ्याखाली काटेरी दाढी आणि रंग जुन्या खाकी कोटाचा. सकाळी दिवा लागला की काचेच्या पेटीतल्या दगडावर चढून बसायचा. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. समोर कोणीही उभं राहो, दखल घ्यायची नाही. लेकीने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं, आणि ते बदलावं असं कोणाच्याही मनात आलं नाही.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं ऐकून होते," पेटी पुढच्या खोलीत, काकांच्या कामाच्या टेबलाशेजारी मांडली गेली तेव्हा काकू म्हणाल्या. "याची बरी माझ्या घरापर्यंत आली."

साहेबांबरोबर त्यांच्या जेवणाचा डबाही आला होता. डब्यात जिवंत रातकिडे होते.

"म्हणजे एकाने नुसतं बसून खायचं आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत गात राहायचं," काकू म्हणाल्या.

"तुझ्या माहेरी काय वेगळं होतं?" काका म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना चहा दीड तास उशिरा मिळाला.

लेकीने सूचनांचा एक कागद पेटीच्या काचेला चिकटवला होता. अकरा सूचना होत्या. शेवटच्या सूचनेखाली दोन रेघा: "काही झालं तर मला सांगा. लपवू नका. (हे बाबांसाठी.)" काकांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि लेकीचं अक्षर सुधारलंय असा शेरा दिला.

पहिला आठवडा काकांनी साहेबांकडे पाहुणा म्हणून बघितलं. दुसऱ्या आठवड्यापासून कापड म्हणून.

त्याला कारण होतं. काकांच्या हाताखालून गेलं नाही असं कापड शोधून सापडलं नसतं. कुठलंही कापड आलं तरी ते डोळ्याला भिंग लावायचे आणि पहिल्या मिनिटात उभा धागा कुठला, आडवा कुठला, वीण कुठून सुरू झाली ते सांगायचे. साहेबांच्या पाठीवर त्यांनी भिंग धरलं आणि तीन दिवस त्यांना काही सांगता आलं नाही. खवले ओळीत होते, पण ओळ मध्येच दुसऱ्या ओळीत शिरायची. काठ नव्हता. टोक नव्हतं. कुठे सुरुवात करून हा माल विणला असेल, याचा पत्ता लागेना. बघावं तितकं कमीच वाटत होतं. ते जेवताना उठून यायचे, हात न धुता भिंग लावायचे आणि काकूंची हाक आली की "आलो, आलो" म्हणत तिथेच थांबायचे.

रविवारी फोनवर त्यांनी विचारलं, "याची वीण कुठून सुरू होते गं?"

"बाबा, तो विणलेला नाहीये."

"असं तुला वाटतं."

लेक हसली. तिने घरी ठेवलेल्या सामानात साहेबांनी टाकलेल्या जुन्या कातीचे तुकडे एका काडेपेटीत होते. ते बघायला घ्या, म्हणाली. कात म्हणजे साहेबांनी उतरवलेला जुना झगा. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, आणि तरी खवला न् खवला तिच्यात उमटलेला. काका त्या काडेपेटीवर बेहद्द खूश झाले. पण वाळलेल्या कातीवरून जिवंत मालाचा अंदाज येईना, आणि दुपारनंतर खिडकीचा उजेड कमी व्हायचा. शेवटी एका सोमवारी त्यांनी साहेबांच्या ऊबेचा दिवा दांडीवरून चार बोटं खाली सरकवला. उजेड फक्कड आला. दिवा तिथेच राहिला.

साहेब नेहमीच्या दगडावर नेहमीसारखे बसून होते. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

गुरुवारी सकाळी त्यांच्या पाठीवर, कण्याच्या उजव्या बाजूला, एक तपकिरी डाग दिसला. दुपारपर्यंत तिथली कातडी सुटली आणि खाली शर्टाच्या बटणाएवढी ओली, गुलाबी जागा उघडी पडली. काकांच्या मनात पाल चुकचुकली, असं म्हटलं असतं, पण समोर तिचा मोठा भाऊच बसला होता.

"तिला कळवा," काकू म्हणाल्या.

"रविवारशिवाय फोन लागत नाही."

"निरोप ठेवा."

"रविवारपर्यंत कशाला राहतंय? एवढंसं तर आहे."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांत "एवढंसं तर आहे" हे वाक्य त्यांनी फक्त मोठ्या भोकांच्या बाबतीत ऐकलं होतं.

त्या बाजारात गेल्या तेव्हा काकांनी काडेपेटी उघडली. कातीचा उजव्या पाठीचा तुकडा निवडला. घरचाच धागा, यापेक्षा घरचा कुठला असणार? मैद्याची पातळ खळ शिजवून गार केली, जखम स्वच्छ पाण्याने टिपली, भिंग लावलं आणि चिमट्याने तो तुकडा खवल्याला खवला जुळवत बसवला. दोन तास लागले. साहेब तसूभरही हलले नाहीत. मापं देताना गिऱ्हाइकं अशी उभी राहिली असती तर शिंप्यांचं आयुष्य दहा वर्षांनी वाढलं असतं.

काकू परत आल्यावर काकांनी हात पाठीमागे बांधले. "शोध."

काकूंनी शोधलं. सापडेना. "गेलं असेल कुठेतरी," त्या म्हणाल्या, पण काकांना तो सूर आवडला नाही.

रविवारी लेकीने फोनवर साहेबांना बघितलं. "छान दिसताहेत की. जेवतात ना?"

"हो," काका म्हणाले. दीड दिवस झाला होता, साहेबांनी कशाला तोंड लावलं नव्हतं.

मंगळवारी साहेबांची दाढी काळी पडली. रातकिडे त्यांच्या पायांवरून निवांत फिरू लागले. आणि काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, या खोलीत काहीतरी कुजतंय."

बुटांच्या खोक्यात जुना लोकरी स्वेटर, त्यात कोमट पाण्याची बाटली, तिला टेकून साहेब. अशी वरात दोन गल्ल्या पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे कुत्री यायची, मांजरं यायची. बाकांवर बसलेल्या चारही कुत्र्यांनी खोक्याकडे नाकं वळवली आणि एक मांजर आपल्या मालकिणीच्या पदराआड गेलं.

"हा माझा तिसरा सरडा," डॉक्टरीणबाई प्रांजळपणे म्हणाल्या आणि कपाटातून एक जाड पुस्तक काढून टेबलावर उघडं ठेवलं. वजन केलं: तीनशे सेहेचाळीस ग्रॅम. "जखम कुठाय?"

काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शोधा."

काकूंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंना मात्र ते सांगणं रीतसर वाटलं असावं. त्यांनी दिवा ओढला, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि दोन मिनिटं साहेबांची पाठ बघितली. सापडलं नाही. त्या दोन मिनिटांत काकांना अभिमान वाटला, हे पुढे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. काकूंनी सगळ्यांना सांगितलं.

"वास मात्र इथून येतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ओल्या कापसाचा बोळा त्यांनी तिथे धरून ठेवला, आणि थोड्या वेळाने पाकिटाचं झाकण उघडावं तसा तो तुकडा उचलला गेला.

"हे काय आहे?"

"रफू."

"कशाचा?"

"त्याच्याच कातीचा."

"आणि चिकटवलाय कशाने?"

"मैद्याच्या खळीने. पातळ होती," काकांनी बचावादाखल सांगितलं.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "काका, इतकं सुबक काम मी कुठल्याही इस्पितळात पाहिलेलं नाही. आता त्याच्याखाली पू किती झालाय तो बघा."

काकांनी बघितला. भिंगाची गरज नव्हती.

"कापड आपणहून विणलं जात असतं, तर तुमचं दुकान चाललं असतं का?" जखम धुता धुता त्यांनी विचारलं. "हे आपणहून विणलं जातं. खालून वर. आपण फक्त घाण काढायची आणि वाट मोकळी ठेवायची. तुम्ही वरून दार लावलंत, आणि आत पीठ ठेवलंत. जंतूंना आणखी काय हवं?"

"मग पुन्हा जुळेल? आधीसारखं?"

"नाही जुळणार. व्रण राहील. जगला तर." त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "ही भाजल्याची जखम आहे. दिवा किती उंचीवर आहे?"

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. काकांनी हाताची चार बोटं वर केली, मग ती खाली नेली.

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून. उजेडासाठी." आणि मग, थोडं थांबून, "त्याला कळलं नाही का? उठून जायचं ना बाजूला."

"पाठीला ऊब हवी, एवढं यांना कळतं. पाठ भाजतेय हे यांना फार उशिरा कळतं. म्हणून दिव्याची उंची आपण बघायची असते."

घरी आल्याआल्या काकांनी दिवा चार बोटं वर नेला, मग आणखी एक बोट. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तशी पेटीतली वाळू काढून साधा कागद अंथरला, म्हणजे जखमेत कण जायला नकोत. दिवसातून दोनदा, जंतुनाशक पाण्यात टाकून पातळ चहाच्या रंगाचं करायचं, त्याने जखम धुवायची, टिपायची, वर पांढऱ्या मलमाचा बोटभर नव्हे, नखभर थर. दर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पुढच्या पायाला सुई. हे सगळं काकांनी जसंच्या तसं केलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या हाताला जमेना: उघडं सोडणं. मलम लावून झालं की बोटं आपसूक जखमेच्या कडांकडे जायची, जवळ ओढायला. काकू शेजारी लाकडी पट्टी घेऊन बसत. दोनदा ती वापरावी लागली.

जखम सुधारत होती. कडा कोरड्या होत होत्या आणि मध्ये ताजा, लालसर कोंभ वर येत होता. काका रोज भिंगातून बघत आणि काल कुठपर्यंत होता, आज कुठपर्यंत आला ते काकूंना सांगत. धागा नाही, सुई नाही, आणि भोक मात्र भरतंय, हे त्यांना एखाद्याने आपल्या देखत खिसा कापावा आणि तरी सापडू नये तसं वाटत होतं. पण साहेब जेवत नव्हते. काकांनी जेवणाचं खातं काकूंकडून आपल्याकडे घेतलं होतं. भोपळ्याचा कीस, कोथिंबिरीची पानं, निवडक रातकिडे. सगळं समोर मांडून ते पेटीपुढे स्टुलावर बसत, भिंग डोळ्याला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. साहेब हनुवटी वर करून भिंतीकडे बघत.

दुसऱ्या सुईला वजन तीनशे अडतीस भरलं. "जखम उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण भरायला माल कुठून आणणार हा? पोटात काही नाही. आधी वजन किती होतं? खायचा कसा?"

"मुलीला माहीत."

"मग तिला विचारा. आणि सगळं सांगा, काका. अर्धं सांगितलंत तर ती उपायही अर्धाच सांगेल. हा गेला, तर तिला ते आधी कळलेलं असायला हवं."

रविवारी फोन वाजला तेव्हा काकांनी केस विंचरले होते, का ते कोणास ठाऊक.

"साहेबांचं वजन किती असायचं गं?"

"तीनशे नव्वद. का?"

"सहज."

"बाबा, तुम्ही आयुष्यात सहज काही विचारलेलं नाही."

काकांचे हात पाठीमागे जायला निघाले होते. एका हातात फोन होता, म्हणून जमलं नाही. ते पेटीपाशी गेले, झाकण उघडलं, फोन साहेबांच्या पाठीवर धरला आणि बोट ठेवलं. "इथे," ते म्हणाले. शोधा म्हणाले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. दिवा, चार बोटं, सोमवार, गुरुवार, काडेपेटी, खळ.

"मैदा?" लेकीने विचारलं.

"पातळ."

तिकडे वाऱ्याने कशाचं तरी कापड फडफडत होतं.

"मागच्या रविवारी मी विचारलं होतं, जेवतात ना. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणालो."

"दिवा खाली राहिला, ते चुकून झालं बाबा. 'हो' चुकून नाही झालं."

काकांनी या वेळी सबब बनवली नाही. काकूंनाही पहिल्यांदाच "मी सांगत होते" म्हणावंसं वाटलं नाही. त्यांनी फक्त स्टूल पुढे सरकवलं, आणि काका त्यावर बसले.

"तो जेवत असताना तुम्ही कुठे असता?" लेकीचा आवाज अजून कोरडाच होता.

"समोर. भिंग लावून."

"किती वेळ?"

"दिवसभर. त्याला सोडून कुठे जाणार?"

"बाबा! कागद वाचलात का? सूचना नंबर सहा!"

काकांनी चष्मा लावून वाचलं: "जेवताना कोणी बघत राहू नये. बघितलं तर खात नाही."

"ते मला वाटलं बाहेरच्यांसाठी आहे," काका म्हणाले.

"पण माझ्याकडे तर खायचा," काकू मध्येच म्हणाल्या. "दोन आठवडे रोज खायचा."

"तू बघायचीस का, आई?"

"मला कुठलं बघवतंय! तोंड फिरवून डबा उपडा करायचे आणि पळायचे."

फोनमधून एक आवाज आला. हसण्याचा होता की नाही, हे दोघांनीही नंतर बराच वेळ ठरवायचा प्रयत्न केला. "रोज संध्याकाळी एक ओळ लिहून निरोप ठेवायचा," लेक म्हणाली. "खाल्लं, नाही खाल्लं. जे असेल ते. रविवारी मी सगळे वाचीन." आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी काकांनी कीस ठेवला, तीन रातकिडे सोडले आणि भिंग टेबलाच्या खणात टाकून खण लावून घेतला. मग स्टूल उलटं फिरवून, पेटीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्यावर भरवसा नव्हता, म्हणून शेजारी दुसऱ्या स्टुलावर काकू, त्याही भिंतीकडे तोंड करून, मांडीवर पट्टी घेऊन.

भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक खिळा होता. काकांनी त्या खिळ्याचा पंधरा मिनिटं अभ्यास केला. मागे कागद किंचित खसखसला. मान वळायला लागली.

"अहं," काकू म्हणाल्या.

"तो दगडावरून उतरला की रातकिडा चालला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नखांचा आवाज आहे. रातकिड्याला नखं नसतात."

"गप बसा हो."

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. हातावर नवऱ्याचा गरम कोट, बाहीला उंदराने पाडलेलं भोक. खोलीत त्यांना दिसली ती एक काचेची पेटी आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीसमोर ओळीने बसलेली दोन म्हातारी माणसं.

"अगं बाई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "काही वाईट झालंय का?"

"साहेब जेवायला बसलेत," काकू मान न वळवता म्हणाल्या. "तुम्हीही तोंड फिरवा."

त्या बाईंना काय वाटलं असेल ते असो. पण माणसाला गंभीरपणे सांगितलं तर तो बहुतेक गोष्टी ऐकतो. त्यांनी कोट छातीशी धरला आणि दाराच्या चौकटीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खोलीत शांतता झाली. आणि मग, मागून, कुरकुरीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा.

काकांनी काकूंचा हात धरला. पट्टीसकट.

"किती खाल्ले असतील?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नंतर उरलेले मोजा."

संध्याकाळी निरोप गेला: "दोन खाल्ले. तिसरा पळाला. आईच्या खोलीत आहे."

लेक आली तेव्हा साहेबांचं वजन तीनशे ऐंशी होतं आणि मधल्या काळात एक कातही टाकून झाली होती. पाठीच्या उजव्या बाजूला बटणाएवढा व्रण होता, फिकट आणि गुळगुळीत. तिथे खवले पुन्हा आलेच नाहीत. लेक पेटीपाशी वाकली, आणि तिने काही विचारायच्या आत काकांनी जागेवर बोट ठेवलं. मग काडेपेटी उघडून नव्या कातीचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला. मधोमध भोक होतं, सहज दिसणारं.

"हे भरू नका," ती म्हणाली.

"नाही," काका म्हणाले. "पण एक सांग. आता नवीन जी वीण आलीय ती खालून वर आलीय, हे मी बघितलं. पण सुरुवात कुठून झाली?"

"बाबा," लेक म्हणाली, "तो जेवतोय. तोंड फिरवा."